अण्णांची बुधवारची वेळ

रविवारी पोहे खाऊन झाले की चैताली खांबेटे पुढच्या आठवड्याचा कागद फ्रिजवर लावत असे. सात वार, पाच माणसं, पेन्सिलीने भरलेले चौकोन. त्याच्याशिवाय त्या घराचं चालणं कठीण होतं. तिचं ऑफिस येरवड्याला. नवरा आमोद चाकणच्या कारखान्यात, दर आठवड्याला त्याची शिफ्ट बदलायची. राजस आठवीत, बॅडमिंटनसाठी पहाटे साडेपाचला बाहेर पडणारा. अवनी चौथीत, तिला मंगळवारी आणि गुरुवारी कथक. आणि सासरे गोपाळकृष्ण, ज्यांना सगळे अण्णा म्हणत. सासूबाई गेल्यावर, तीन वर्षांपूर्वी, ते पेठेतली जागा सोडून विश्रांतवाडीला मुलाकडे राहायला आले होते.

अण्णांनी चाळीस वर्षं बुधवार पेठेतल्या एका प्रकाशकाकडे प्रुफं तपासली होती. फ्रिजवरचा कागदही ते सोडत नसत. चैतालीने घाईत 'शनीवार' लिहिलं, की दुपारपर्यंत ती 'नी' लाल पेनाने ऱ्हस्व झालेली असे. बाकी त्या कागदाबद्दल त्यांची तक्रार नव्हती. त्यांच्या रकान्यात त्यांचं स्वतःचं असं काही नसायचंच. अवनीला बसवरून आणणं, कथकला नेणं, गॅस येणार असेल तर घरी थांबणं. जिथे कोणी नसेल तिथे अण्णा.

जानेवारीतल्या एका रविवारी ते फ्रिजपाशी येऊन उभे राहिले आणि म्हणाले, डाव्या डोळ्यापुढे दोन दिवस काळे ठिपके तरंगतायत, मध्येच कडेला वीज चमकल्यासारखं होतं, तेव्हा एकदा दाखवून यावं म्हणतो. चैतालीने लगेच दवाखान्यात फोन करून बुधवारी साडेचारची वेळ घेतली. तपासताना डोळ्यात औषध घालतात आणि मग काही तास नीट दिसत नाही, म्हणून बरोबर कोणीतरी हवं होतं. तिने लवकर निघायचं ठरवलं आणि अण्णांच्या रकान्यात लिहिलं, 'डोळे, ४.३०'.

बुधवारी दुपारी ऑफिसात अचानक मोठ्या साहेबांची बैठक लागली. तिने घरी फोन केला. "शुक्रवारी चालेल का, अण्णा?" अण्णा म्हणाले, चालेल की. शुक्रवारी अवनीच्या गुरूंनी स्नेहसंमेलनासाठी जादा तालीम ठेवली आणि तिला न्यायला अण्णांशिवाय कोणी नव्हतं. या वेळी चैतालीने विचारलंही नाही. तिने दवाखान्याला कळवलं, खोडरबर घेतला आणि 'डोळे' पुढच्या बुधवारी ढकलले. खोडताना तिला क्षणभर वाटलं की ठिपके कमी आहेत का ते विचारावं. पण तेवढ्यात कुकरची तिसरी शिट्टी झाली.

सोमवारी चार वाजता तिला फोन आला. फोन अण्णांचा होता, आवाज अवनीचा.

"आई, अण्णा पायरीला अडखळले. लागलं नाहीये. पण ते म्हणतायत की डाव्या डोळ्यावर पडदा आलाय."

चैताली रिक्षाने तशीच निघाली. सोसायटीच्या फाटकाशी कट्ट्यावर अण्णा बसले होते, मांडीवर अवनीचं दप्तर, आणि अवनीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

दवाखान्यातल्या डॉक्टर बाई तिच्याच वयाच्या होत्या. त्यांनी बराच वेळ तपासलं. दृष्टिपटल सुटलं आहे, त्या म्हणाल्या, मधल्या भागापर्यंत. ते आधी फाटतं, तेव्हाच ठिपके आणि चमका दिसायला लागतात. त्या वेळी आलात तर बहुधा लेझरवर भागतं. आता शस्त्रक्रिया, उद्याच, आणि किती दिसेल ते सांगता येणार नाही. मग त्यांनी कागद पुढे ओढून विचारलं, हे ठिपके कधीपासून?

"परवापासून," अण्णा म्हणाले.

चैताली शेजारच्याच खुर्चीवर होती. खरं काय ते सांगायला एक वाक्य पुरलं असतं. तिने पर्सचा बंद सरळ केला आणि गप्प राहिली. डॉक्टर बाईंनी 'दोन दिवस' असं लिहून घेतलं.

घरी आल्यावर तिने पहिलं काय केलं असेल तर फ्रिजवरचा कागद काढला. गेल्या आठवड्याचाही त्याच्याखालीच होता. त्याच्यावर खोडलेल्या 'डोळे' शब्दाच्या दोन पुसट खुणा राहिल्या होत्या. तिने दोन्ही कागदांचे बारीक तुकडे केले आणि ओल्या कचऱ्यात चहाच्या चोथ्याखाली दाबले. हात धुताना तिला स्वतःची शिसारी आली. आमोद अजून चाकणहून यायचाच होता.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यात गॅसचा बुडबुडा भरला होता, त्यामुळे आठ दिवस मान खाली घालून बसायचं होतं. जेवताना तेवढी मान वर. चैतालीने रजा टाकली. अवनीच्या शाळेतून थेट कथकला मुलं नेणारी एक व्हॅन होती, शेजारच्या बिल्डिंगमधल्या दोन मुली तिच्यातून जायच्या. एका फोनवर अवनीचीही जागा झाली. फोन ठेवून चैताली स्वयंपाकघरात उभीच राहिली. तो फोन तिला गेल्या जूनमध्येही करता आला असता, पण अण्णा होते म्हणून केला नव्हता.

तिसऱ्या दिवशी तिने आमोदला सगळं सांगितलं, कागद फाडल्याचंही. तिला वाटलं होतं तो चिडेल. तो टेबलावरच्या भांड्याकडे बघत राहिला.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "बुधवारी रात्री पाणी प्यायला उठलो तेव्हा बघितलं होतं, खोडून शुक्रवार केलेलं. म्हटलं, चैताली बघतेय. शुक्रवारी आमची शिफ्ट लवकर सुटली, दुपारी मी घरीच होतो. झोपलो होतो मी."

वाटून घेतल्यावर ते अर्धं होईल असं तिला वाटलं होतं, तसं काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलं शाळेत होती. अण्णा टेबलावर उशी ठेवून तिच्यावर कपाळ टेकून बसले होते. चैताली डोळ्यात थेंब घालायला आली आणि थेंब घालून झाल्यावर तिथेच बसली. अण्णांना तिचा चेहरा दिसत नव्हता, म्हणून कदाचित तिला जमलं.

"अण्णा, तुम्ही डॉक्टरांना परवापासून असं का सांगितलंत? मी दोन वेळा पुढे ढकललं होतं. दुसऱ्यांदा तर तुम्हाला विचारलंही नाही."

अण्णांनी उशीवरचं कपाळ जरा सरकवलं.

"त्या बाईसमोर सुनेची प्रुफं तपासायची होती का मी?" ते उशीतूनच म्हणाले. मग थोड्या वेळाने, "मला भीती वाटत होती. आमच्या वडिलांचे दोन्ही डोळे गेले होते. तू वेळ पुढे ढकललीस की मला सुटल्यासारखं व्हायचं. रिक्षा करून मीही जाऊ शकलो असतो, शेजारच्या कोणाला तरी बरोबर घेऊन."

चैतालीचा श्वास मोकळा होऊ लागला होता.

"पण तू विचारलं नाहीस, ते मला लागलं," अण्णा म्हणाले. "ते लागलं नाही असं मी म्हणणार नाही."

ती हो म्हणाली. तिने बाटलीचं झाकण लावलं आणि त्यांच्या पाठीमागची खिडकी जरा लोटली, ऊन मानेवर येत होतं.

मार्चपर्यंत काय ते कळून चुकलं. डाव्या डोळ्याला दारात कोणी उभं आहे हे दिसायचं, कोण ते नाही. अण्णा एका डोळ्याने वाचायला शिकले, जिना उतरताना कठडा धरायला लागले. विचारणाऱ्यांना ते सांगत, वयोमानाने असं व्हायचंच. ते ऐकलं की चैताली खाली बघायची. पाडव्याला तिची आई आणि मावशी जेवायला आल्या, तेव्हा ते पुन्हा तसंच म्हणाले आणि तिला राहवलं नाही. वयोमानाने नाही, ती म्हणाली, डॉक्टरांची वेळ मी दोनदा पुढे ढकलली. पानावर सगळे थांबले. तिच्या आईने विषय बदलून श्रीखंड वाढायला घेतलं.

पाहुणे गेल्यावर अण्णांनी तिला हाक मारली.

"असं सगळ्यांना सांगत सुटू नकोस. तुला हलकं वाटत असेल. मला मात्र ते दर वेळी पहिल्यापासून ऐकावं लागेल."

ते रागावून बोलले नव्हते. चैताली आत जाऊन उष्टी ताटं घासायला बसली. त्यानंतर तिने ते कोणाला सांगितलं नाही. कोणी अण्णांच्या डोळ्याची चौकशी केली आणि अण्णा वयोमानाचं म्हणाले, की तीही होकारार्थी मान हलवायची.