त्रिशंकूचं आख्यान

स्वर्गारोहणाच्या दिवशी गोराईच्या वाळूवर कीर्तन करायचं, ही बोरिवलीतल्या त्या छोट्याशा मराठी ख्रिस्ती मंडळीची जुनी रीत. प्रभू पृथ्वी सोडून वर गेला, तर आपणही घटकाभर छपराखालून बाहेर यावं, असं विद्याधरबुवा म्हणायचे. पेटी, टाळ, सतरंज्या लाँचमध्ये घालून मंडळी खाडीपलीकडे जायची आणि अंधार पडू लागला की बुवा नमनाला उभे राहायचे. यंदा बुवा नव्हते. उपरणं गळ्यात घालून त्यांची बायको कुंदा उभी राहणार होती आणि आख्यान तिने असं निवडलं होतं, की ऐकणाऱ्यांच्या भुवया वर गेल्या. त्रिशंकूचं.

पुराणातला राजा ख्रिस्ती कीर्तनात कुठून आला, हे कळायला कुंदाचं माहेर कळायला हवं.

कुंदा मालवणकडची. बाप गिरणीत, त्यामुळे घर मुंबईत. पण मे महिना गावच्या अंगणात. जेवणं आटपली की तिचा थोरला भाऊ लवू तिला घेऊन खळ्यात पडायचा नि दक्षिणेकडे माडांच्या शेंड्यांवर चार तारे दाखवायचा. तो त्रिशंकू. ह्याच देहाने स्वर्गात जाईन म्हणाला, देवांनी वरून ढकलला, ऋषीने खालून थोपवला, तेव्हापासून बिचारा डोकं खाली करून मधेच लोंबतोय. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा कुंदा रडली होती. असा उलटा का टांगला त्याला? लवूने तिचं नाक पुसलं होतं. "उगी रव. मी मोठो झालंय काय जावन त्येका सरळ करतलंय."

पुढे कुंदाने विद्याधरशी लग्न केलं आणि त्याचा प्रभू आपला मानला. कुणी जबरदस्ती केली नव्हती; त्याच्या कीर्तनाला एकदा गेली, मग जातच राहिली. बापाने डोक्याला हात लावला. लवू मात्र दारात आडवा उभा राहिला आणि एवढंच म्हणाला, "त्रिशंकू झालंस गो तू. हयची नाय नि थयची नाय."

दार लागलं, ते लागलंच. लवू दहिसरला राहायचा, कुंदा बोरिवलीला. मधे एक स्टेशनसुद्धा नाही. सुगंधावहिनी तेवढी चोरून फोन करायची, गणपतीत करंज्या पाठवायची. बुवा गेले तेव्हा लवू दफनभूमीच्या फाटकापर्यंत आला होता म्हणे. आत नाही आला.

लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी विद्याधरने गोराईला तिला तेच चार तारे दाखवले होते. "तो बघ, क्रूस. प्रभूने आभाळातसुद्धा खूण ठेवलीय." कुंदा म्हणाली, तो त्रिशंकू आहे. बुवा हसत सुटले, मग पुन्हा वर बघू लागले. दोन्ही अधांतरी टांगलेलेच की गं, म्हणाले. त्यावर एक पूर्ण आख्यान रचायचं त्यांच्या मनात आलं. पण तो शब्द कानावर पडला की कुंदाचा चेहरा उतरायचा. बुवांनी तो शब्द घरात पुन्हा काढला नाही. आख्यान राहूनच गेलं. दोन ओळी तेवढ्या भाजी निवडताना गुणगुणायचे.

ते आख्यान ती आता उभं करणार होती. मंडळीच्या ग्रुपवर निमंत्रण गेलं: कीर्तनकार कुंदाताई, विषय त्रिशंकू. तिने ते सुगंधावहिनीलाही धाडलं आणि खाली लिहिलं, दादाला घेऊन ये.

त्याच संध्याकाळी लवूचा फोन आला. इतक्या वर्षांत पहिलाच. आवाज म्हातारा झालेला, राग मात्र तरणा. "माका चारचौघांत उभो करूचो बेत हा काय तुझो?"

कुंदाच्या लक्षातच आलं नव्हतं, की तो शब्द जसा तिच्या काळजात रुतला होता तसा त्याच्याही जिभेला चिकटून राहिला असेल. बोललेलं तोही विसरला नव्हता. ती म्हणाली, "दादा, तुझ्यासाठीच आहे रे ते. येऊन तर ऐक." फोन बंद झाला होता.

विषय बदलू या का, असं मंडळीत पेटी वाजवणारी मुलगी उत्तरा हिने दोनदा विचारलं. कुंदा नको म्हणाली. पण त्या दिवशी वाळूवर सतरंज्या अंथरल्या गेल्यावर तिने पहिल्या रांगेच्या कडेला दोन जागा राखून ठेवल्या. पश्चिमेला शुक्राची चांदणी लखलखू लागली, तरी तिची नजर जेटीकडून येणाऱ्या वाटेवरच. एक लाँच आली, माणसं उतरली, पांगली. दुसरी आली. त्या जागांवर कुणाची तरी पोरं येऊन बसली.

मग कुंदाने टाळ घेतले.

पूर्वरंगात तिने राजा सांगितला. मालवणीतच सांगितला, जसा खळ्यात ऐकला होता तसा. मंडळी हसली, पोरं पुढे सरकली. मग तिचा आवाज खाली आला. "राजाला वर जायचं होतं, म्हणून तो टांगला गेला. आता दुसरा ऐका. हा वरचाच होता. आपल्यासाठी खाली आला, आणि खालच्यांनी त्याला टांगला. ना जमिनीवर, ना आभाळात. पाय टेकायला जागा नाही. मला कुणी तरी एकदा म्हणालं होतं, तू इथली नाहीस नि तिथली नाहीस. फार वर्षं दुखलं. मग कळलं, माझा प्रभू तर तिथेच आहे. त्या मधल्या जागेत. आणि ज्याने मला हे तारे दाखवले, तो माझा पहिला गुरू. त्याने बोट धरून आभाळ दाखवलं नसतं, तर मी वर बघायलाच शिकले नसते." एवढं बोलून तिने बुवांच्या दोन ओळी उचलल्या, आणि उत्तराने पेटीवर सूर भरला.

*अधांतरी ज्याला टांगिले जगाने,*
*त्यानेच जगाला धरिले हाताने.*

मंडळीने त्या ओळी घोळवून घोळवून म्हटल्या. बुवा असते तर इथे डोळे मिटून नुसते डोलले असते.

प्रार्थना झाली. सतरंज्या झटकल्या जाऊ लागल्या. कुंदा उपरण्याने कपाळ पुसत एकटी कडेला गेली. किनाऱ्याच्या टोकाशी, माडांच्या वर, ते चार तारे आले होते. कोण आलं, कोण नाही, असं सारखं तिच्या मनात येत होतं.

मागून उत्तरा आली. हातात तिचा स्वतःचा फोन, कीर्तनभर पेटीवर टेकवून ठेवलेला. थोडी ओशाळलेली. "मावशी, रागवू नका हं. तुमच्या सुगंधावहिनींनी मला सांगितलं होतं, फोन लावून ठेव म्हणून. लाइन सुरुवातीपासून चालू आहे."

कुंदाने फोन कानाला लावला. पलीकडे वारा होता, गच्चीवरचा. कुणी तरी खाकरलं.

"कुंदे."

ती माडांकडे तोंड करून वळली.

"हयसून माका दिसणा नाय गो. समोर टॉवर इलेत. थंय आसा काय तो?"

"आसा."

"अजून उलटोच काय?"

कुंदाने नीट पाहिलं. ह्या वेळेला तो डावीकडे झुकलेला असतो. रात्र चढेल तसा सावरत सावरत उभा होतो. बुवांनीच तिला ते थांबून थांबून दाखवलं होतं.

"वाईच कललो आसा," ती म्हणाली. "पण सरळ होता, हळूहळू."

पलीकडे खुर्ची ओढल्याचा आवाज आला. मग लवू म्हणाला, "सरळ झालो काय सांग माका. मी फोन ठेवणंय नाय."

जेटीकडून हाका येऊ लागल्या. उत्तराने पेटी उचलली, चार पावलं गेली आणि वळून पाहिलं. कुंदाने हातानेच तिला थांब म्हटलं, आणि फोन कानाशी धरून माडांच्या वर बघत राहिली.