शेळ्यांना कळणारी बोली

अर्धांगवायूने मीरदादचं तोंड वाकडं झालं आणि जीभ जी अडकली ती अडकलीच. माणसांशी तो आधीही फारसा बोलत नसे, त्यामुळे कटार गावाचं काही अडलं नाही. अडलं ते शेळ्यांचं.

शेळ्या पुरुषांनी राखायच्या, बायकांनी शेती करायची आणि कळपाच्या वाटेलाही जायचं नाही, ही वाडवडलांची रीत. पुतणे जलालाबादेत जाऊन पश्तो झाडू लागलेले. शेवटी समंदर नावाचा गुजर गुराखी ठेवला. माणूस कष्टाळू, पण कटारची बोली उणीपुरी तीन गावांची. त्याला ती मोडकीतोडकीच यायची.

त्या दुपारी वरच्या अंगाला ढग फुटला. नदी चढू लागली आणि साठ शेळ्या पलीकडच्या सखल काठावर, मागे उभा कडा. मधे दोन ओंडक्यांचा साकव. समंदर ओरडून, काठी आपटून दमला, पण म्होरक्या तांबडा बोकड साकवावर पाय ठेवीना, आणि त्याच्याशिवाय एकही शेळी हलेना.

"काका, ह्यांना काय म्हणायचं ते तरी सांगा!" त्याने पलीकडून हाक दिली.

अलीकडे तिवईवर बसलेल्या मीरदादच्या तोंडातून फक्त लाळ आली. जन्माची कमाई डोळ्यांदेखत जाणार आणि आपण दगड! त्याला रडू फुटलं.

तेवढ्यात त्याची बायको मर्जान पाठीवरची टोपली टाकून साकवाकडे निघाली.

"अगं, शेळ्यांत कुठे कडमडतेस?" शेजारीण ओरडली. "लोक काय म्हणतील?"

"हिवाळ्यात लोक मला तूप देणारेत का?"

तिने जीभ टाळ्याला लावून दोनदा टिचकी वाजवली आणि लांब हेल काढला. हुबेहूब मीरदादचा. "पाण्याकडे बघू नकोस रे राजा, माझ्याकडे बघ."

बोकडाने कान टवकारले. पाय टाकला. मागोमाग साठही आल्या, शेवटी समंदर आला, आणि थोड्याच वेळात नदीने ओंडके नेले.

मीरदादने चांगल्या हाताने खूण केली: कुठे शिकलीस?

"कुठे म्हणजे? तीस हिवाळे शेजारी झोपलेय तुमच्या. जागेपणी मला ‘मीठ दे’, ‘दार लाव’. झोपेत मात्र शेळ्यांचे काय ते लाड! ‘दमलीस का गं? बस जरा.’" मर्जानने ओढणीने त्याची लाळ पुसली. "कधीकधी मीच ओ द्यायचे."

मीरदादला तिच्याशी खूप बोलायचं होतं.