गोलातली मोकळी जागा

पाथर्डीच्या पूर्वेला, डांबर संपून फुफाटा लागतो तिथल्या वस्तीशाळेत रोज प्रार्थनेनंतर पोरं गोल करून बसत. ओढ्यातला एक गुळगुळीत गोटा हातोहात फिरे. ज्याच्या हाती गोटा, त्यानं मनातलं बोलायचं, बाकीच्यांनी ऐकायचं. कृपाबाईंनी हे एका प्रशिक्षणातून शिकून आणलं होतं. पोरांना पुढारपण शिकवायचं, तर आधी स्वतःचं मन ओळखायला आणि दुसऱ्याचं जाणायला शिकवा, असं तिथं सांगितलं होतं. बाईंनी त्याला पदरचं गाणं जोडलं :

गोल गोल बसू गं, मधी ठेवू दिवा
ज्याच्या मनी काटा, त्यानं आधी सांगावा

दिवाळी सरली की वस्ती ओस पडे. आईबाप कोयते घेऊन ऊसतोडीला जात, पोरं आजीपाशी राहत. त्यामुळं काटे पुष्कळ निघत. फक्त तिसरीतल्या दिपालीचा कधी निघाला नाही. गोटा हाती आला की ती म्हणे, "माझं काही न्हाई बाई. पुढं द्या. त्या बारक्याला आईची आठवन येतीय."

बाईंना भरून आलं. त्यांनी तिला वर्गनायिका केलं आणि सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बघा, नायिका अशी असते. स्वतःचं रडत बसत नाही."

एवढंच बोलल्या होत्या.

त्या हिवाळ्यात धाकट्या भावाला सांभाळायला दिपालीला तोडीवर नेलं. ती परत आली नाही. वैशाखात तिची आई, बनुबाई, शाळेच्या पायरीवर येऊन बसली.

"तोडीवरच्या पाचटाच्या कोपीत तापानं फनफनली वो बाई. आमी पहाटंच फडात जायचो. आल्यावर इचारलं, तर काही न्हाई म्हनायची. तिसऱ्या रोजी अंगाला हात लावला अन् चटका बसला, तवा कळलं. म्हनलं, अगं सांगायचं न्हाई व्हय? तर म्हनली, मी नायिका हाय ना." बनुबाईनं पदरानं तोंड पुसलं. "लई शहानी केली हुती तुमी तिला."

टोमणा नव्हता त्यात. असता तर बाईंना झोप तरी लागली असती.

जूनमध्ये शाळा भरली आणि गोलात एका पोराएवढी जागा मोकळी राहिली. बाई म्हणाल्या, "सरका रे, जवळ बसा." पोरं सरकली. गाणं संपेस्तोवर जागा पुन्हा तेवढीच. गोटा तिथं आला की अलीकडचं पोर हात लांबवून थांबे, तीन श्वास मोजावेत तितकं, आणि मग पलीकडं देई. पहिलीतला करणही थांबे. त्यानं दिपालीला गोलात पाहिलंही नव्हतं.

"कुणासाठी थांबतोस रे?" बाईंनी विचारलं.

"ताईसाठी."

"तुला कुणी सांगितलं?"

"कुनी न्हाई. गोटा गार पडतो तिथं."

नवी नायिका बाईंनी नेमलीच नव्हती, पण पोरांनी आपणहून रेश्माला पुढं केलं. बारक्यांची नाकं पुसणं, भांडणं सोडवणं, सगळं तीच करी. दिवाळीनंतर तिचे आईबापही तोडीवर गेले.

जानेवारीतल्या एका सोमवारी रेश्मा एक पाय लांब करून बसली. ओठ घट्ट मिटलेले. गोटा हाती आला, तशी ती म्हणाली, "माझं काही न्हाई बाई. पुढं द्या."

शब्द तेच. आवाजाची ढबही तीच.

"रेश्मा, पायाला काय झालंय?"

"काही न्हाई."

"खरं सांग बाळा."

"खरंच काही न्हाई, बाई!"

दरडावून ती बोलणार नव्हती. तिनं न बोलावं, हे बाईंनीच तर शिकवलं होतं. त्या उठल्या आणि रेश्माशेजारच्या मोकळ्या जागेत जाऊन बसल्या.

"बाई, तिथं नका ना!" करण ओरडला.

खाली फरशी बर्फासारखी होती. बाईंनी रेश्माच्या हातातला गोटा घेतला.

"माझ्या मनात काटा आहे," त्या म्हणाल्या. "दिपालीला मी चुकीचं शिकवलं. नायिका रडत नाही म्हणाले. तिनं माझं ऐकलं, म्हणून ती गेली. मला भीती वाटते पोरांनो. रोज वाटते." आणि त्या रडल्या. तोंड न झाकता, पोरांसारख्या, हुंदके देत. मग करण रांगत आला आणि त्यानं आपल्या सदऱ्याच्या टोकानं बाईंचं नाक पुसलं.

रेश्मानं हात पुढं केला. "द्या गोटा."

गोटा मांडीवर ठेवून तिनं पायमोजा खाली ओढला. पोटरीवर दातांचे चार व्रण होते, काळेनिळे.

"कुत्रं हुतं. वस्तीतलं न्हाई. लाळ गळत हुती त्याची. चार दिस झाले. आजीला सांगितलं असतं, तर तिनं आईला फोन केला असता. आई तोड सोडून आली असती, मंग..."

बाई पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत. मोठ्या पोरांच्या स्वाधीन वर्ग केला, आजीला निरोप धाडला आणि वस्तीवरून प्रवासी नेणाऱ्या गोरक्षनाथची जीप थांबवून रेश्माला पाथर्डीला नेलं. डॉक्टरांनी जखम धुतली. म्हणाले, "उशीर केलात. पण आलात, हे बरं झालं. जखमेतच सुई टोचावी लागेल, दुखेल हं."

रेश्मानं ओठ मिटले.

"ओरड," बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. "नायिका आहेस ना? मग ओरड."

सुई टोचली आणि रेश्मानं हंबरडा फोडला. बाहेरच्या बाकावरची माणसं उठून दाराशी आली. बाईंनी तिचं डोकं छातीशी धरलं. तिच्या ओरडण्यात त्यांना दोन पोरींचे आवाज ऐकू येत होते, आणि एकीलाही त्यांनी गप केलं नाही.