चालायचंच

"...आणि झोपताना कोबीचं पान गुडघ्याला बांधायचं," कंपाउंडर सांगत होता. "सकाळी पान पिवळं पडलेलं दिसतं. म्हणजे काय? दुखणं पानात उतरलं."

स्टेनोने समोरच्या गळक्या नळाकडे पाहत मान हलवली. कोबीचं पान कुठेही ठेवलं तरी सकाळपर्यंत मलूल होतंच, हे त्याने सांगितलं नाही. तोंडाची वाफ कशाला दवडायची? या माणसाने उभं आयुष्य एका डॉक्टरच्या हाताखाली गोळ्यांच्या पुड्या बांधण्यात घालवलं होतं. पुढे डॉक्टर वारला तेव्हापासून आपल्या अंगात तो शिरला आहे अशा थाटात हा बोलत असे. त्यात आवाज फुटक्या भोंग्यासारखा. बागेच्या पलीकडच्या फाटकापर्यंत लोकांना फुकट सल्ला मिळायचा.

बाकाच्या दुसऱ्या टोकाला ड्रायव्हर बसलेला असे. तो स्टेनोचा शाळेपासूनचा दोस्त. त्याची बस कधी उलटली नाही की कोणाला लागली नाही. त्यामुळे सांगण्यासारखं त्याच्याकडे काहीच नव्हतं, असं स्टेनोचं मत होतं. पण सांगायची हौस दांडगी. जावयाची बदली, सोसायटीची बंद पडलेली लिफ्ट, जुन्या डेपोतला कोणता कंडक्टर गेला, कोणता जायच्या वाटेवर आहे. आदल्या दिवशी सांगितलेलं दुसऱ्या दिवशी पुन्हा, वर थोडी भर घालून.

स्टेनोने आयुष्यभर कोर्टात इतरांचं बोलणं टिपून घेतलं होतं. बायकोचा गळा दाबणाऱ्याने दिलेली जबानी, भावाभावांच्या शपथा, बड्या वकिलांची उलटतपासणी. त्या खोलीत माणसं शब्द तोलून बोलत, कारण एका शब्दावर कोणी आत जायचा आणि कोणी घरी. आणि आता हे! उचलली जीभ, लावली टाळ्याला. निवृत्तीनंतर माणसाचं शरीर थकतं हे त्याला ठाऊक होतं. अक्कलही सोबत निवृत्त होते, हे त्याला या बाकावर कळलं.

तरी तो रोज यायचा. घरात सुनेचा केर-फरशीचा धडाका सुरू झाला की त्याला कुठे तरी जावंच लागे.

बसून बसून त्याने एक शोध लावला होता. समोरच्याचं ऐकायची गरजच नसते. "असं?", "वा!" आणि "चालायचंच" एवढ्या तीन शब्दांवर अख्खी सकाळ निघते. त्यातला "चालायचंच" तर हुकमी. नात झाली, चालायचंच. पोट साफ होत नाही, चालायचंच. कोणी मेलं, तरी चालायचंच. आणि या मूर्खांना त्याचाही आनंद व्हायचा. ड्रायव्हर तर मान डोलवून म्हणायचा, "बघ, कसं नेमकं बोलतो."

या शोधामागे आणखी एक कारण होतं, पण ते स्टेनोने स्वतःशीही कधी मान्य केलं नव्हतं. त्याला ऐकू येईनासं झालं होतं. आधी पाखरांचा आवाज गेला. मग दाराची घंटा. मग सून पाठमोरी बोलली की तिचे शब्द भिंतीत जिरून जाऊ लागले. तिने एकदा भीत भीत सांगितलं, "बाबा, कान तपासून घेऊ या का?" त्यावर तो उखडला. कानाच्या जोरावर भाकरी खाल्लेल्या माणसाला हे विचारायचं? "माझे कान ठीक आहेत. तुम्हीच सगळे तोंडातल्या तोंडात बोलता," तो म्हणाला. सुनेने पुन्हा विषय काढला नाही. घंटेचा आवाज मात्र तिने वाढवून घेतला.

कंपाउंडरचा भोंगा त्याला ऐकू यायचा. दैवाचा न्याय असा की नेमका तोच. ड्रायव्हरचं बोलणं मात्र गेल्या काही महिन्यांत कमी कमी होत नाहीसंच झालं होतं. त्याचा आवाज बसला आहे, असं कंपाउंडर म्हणायचा आणि मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगायचा. स्टेनोला वाटे, बरंच आहे. एक तरी रेडिओ बंद.

त्या दिवशी कंपाउंडर यायचा होता. ड्रायव्हर आधीच येऊन बसला होता. रोज टोकाला बसणारा माणूस आज मधोमध बसला होता, हे स्टेनोच्या लक्षात आलं आणि जागा अडवल्याचा रागही आला. तो बसला न बसला तोच ड्रायव्हर बोलायला लागला. खाली पाहून, दोन्ही हातांची बोटं एकमेकांत अडकवून. बराच वेळ. मधूनमधून थांबत होता, आवंढा गिळत होता, पुन्हा सुरू करत होता.

स्टेनोच्या कानावर खरखर तेवढी येत होती. त्यातून "डॉक्टर" हा शब्द निसटून आला. मग "शुक्रवारी". मग बहुतेक "हिला". म्हणजे बायकोचं पित्त. मागेही तेच होतं. स्टेनोने नळाकडे नजर लावली. नळ अजून गळतच होता. बागेचा माळी काय झोपा काढतो, असं त्याच्या मनात आलं.

खरखर थांबली. ड्रायव्हर त्याच्याकडे पाहत होता. काही तरी म्हणायला हवं होतं.

"त्यात काय एवढं?" स्टेनो म्हणाला. "चालायचंच."

ड्रायव्हर क्षणभर तसाच पाहत राहिला. मग त्याने स्टेनोच्या गुडघ्यावर हात ठेवला, जोरात दाबला, आणि उठून गेला. गुडघ्यावर असा हात ठेवायची त्यांच्यात पद्धत नव्हती. म्हातारपणी माणसं उगाच हळवी होतात, स्टेनोला वाटलं, आणि त्याने विजार झटकली.

त्यानंतर ड्रायव्हर आला नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शनिवारी कंपाउंडर आला आणि चक्क गप्प बसला. कोबी नाही, गुळण्या नाहीत. स्टेनोला ती शांतता सोसेना.

"आज काय जीभ गहाण ठेवून आलात?" त्याने विचारलं.

कंपाउंडरने त्याच्याकडे पाहिलं. "काल ऑपरेशन झालं त्याचं," तो म्हणाला. "स्वरयंत्र काढलं. सगळंच. तुम्हाला माहीतच आहे की."

स्टेनोने बाकाच्या रिकाम्या टोकाकडे पाहिलं.

"गाठ होती. मी आपला गुळण्या करायला सांगत होतो." कंपाउंडर थांबला. "मला काही बोलला नाही तो. वहिनींकडून कळलं. तुम्हाला मात्र बोलता येत होतं तोवर सगळं सांगून गेला म्हणे."

स्टेनोला प्रथम राग आला. एवढी मोठी गोष्ट माणूस अशी सांगतो? खाली मान घालून? मग तो राग सरकत सरकत त्याच्या स्वतःवर येऊन थांबला. तो घरी गेला आणि सुनेला न सांगता हॉस्पिटलला निघाला.

ड्रायव्हरची बायको वॉर्डाबाहेरच्या लांब बाकड्यावर बसली होती. मांडीवर पिशवी, पिशवीत टॉवेल आणि थर्मास. मुलगा औषधं आणायला खाली गेला होता. तिने त्याला पाहिलं आणि सरकून जागा केली. तिचा आवाज पातळ होता. स्टेनो तिच्या अगदी समोर उभा राहिला आणि तिच्या तोंडाकडे पाहू लागला. तिला वाटलं असावं, काळजीने पाहतो आहे.

डॉक्टर काय म्हणाले ते तिने सांगितलं. धोका टळला आहे, पण आवाज गेला तो गेला. श्वास आता गळ्याच्या भोकातून. स्टेनोला ते निम्मं समजलं, निम्मं त्याने जुळवलं. मग ती थोडी पुढे झुकली.

"भाऊजी, त्या दिवशी तुम्हाला काय सांगितलं त्यांनी?"

तो आणखी अर्धं पाऊल पुढे सरला.

"घरात मनातलं एक अक्षर बोलले नाहीत. आत नेताना मी विचारलं, काही सांगायचंय का. तर म्हणाले, सगळं त्याला सांगून आलोय. तो कोर्टातला माणूस. एक शब्द गाळायचा नाही." तिने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "मला ऐकायचंय. जसं बोलले तसंच सांगा."

सांगता आलं असतं. अशी बोलणी कशी असतात हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक होतं? मरणाच्या दारातल्या माणसांचे जबाब त्याने ढिगाने टिपले होते. बायकोची आठवण, मुलांना दोन शब्द, केलेल्या चुकांची माफी. त्यातलेच चार तुकडे जोडले असते तर ही बाई जन्मभर उराशी धरून बसली असती. त्याने सुरुवातही केली.

"तुमच्याबद्दलच बोलत होता," तो म्हणाला.

ती हलली नाही. तिचा चेहरा एकदम कोवळा झाला, आणि त्या चेहऱ्यासमोर त्याचं पुढचं वाक्य अडलं. आपण या लोकांना मूर्ख म्हणत आलो, आणि आता एका म्हाताऱ्या बाईच्या हातात खोटा माल ठेवतो आहोत. खोटा साक्षीदार पिंजऱ्यात चढला की खाली बसलेल्या स्टेनोला त्याची किळस यायची. तीच किळस आता आली.

"वहिनी," तो म्हणाला, "मला ऐकू येत नाही."

तिला कळलं नाही.

"बरीच वर्षं झाली. तो बोलला, पण मला काही ऐकू आलं नाही. डॉक्टर आणि शुक्रवार, एवढंच."

"मग तुम्ही तिथे नुसते बसला होतात?"

"हो."

ती त्याच्याकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. ती नजर त्याच्या ओळखीची होती. रोज सकाळी बाकावर बसून तो स्वतः तशीच नजर टाकत आला होता.

"घरी येऊन एवढंच म्हणाले होते, की त्याने मला धीर दिला," ती म्हणाली. "चालायचंच म्हणाला. तो घाबरला नाही, मग मी कशाला घाबरू. ऑपरेशनला नाही नाही म्हणत होते, त्यानंतर हो म्हणाले." तिने थर्मास उचलला. "मला वाटलं, विचार करून बोललात."

ती आत गेली. स्टेनोला आत या म्हणून कोणी सांगितलं नाही. तो जिना उतरून घरी आला. सून भाजी चिरत होती. तिच्यासमोर उभं राहून त्याने विचारलं, "त्या कानाच्या डॉक्टरकडे कधी जायचं?" सुनेने सुरी खाली ठेवली. ती दुसरं काही म्हणाली असती तर तो पुन्हा उखडला असता. ती म्हणाली, "उद्या."

कानात यंत्र बसलं. जग परत आलं ते भांड्यांच्या आदळआपटीसारखं. कंपाउंडरचा भोंगा तर आता थेट मेंदूत शिरू लागला. पूर्वी ऐकू येत नव्हतं तेच सुख होतं, असं स्टेनोला रोज वाटायचं. तरी तो यंत्र काढून ठेवत नसे.

थंडी सरल्यावर ड्रायव्हर बागेत आला. मुलाने फाटकापर्यंत सोडलं. गळ्याभोवती पातळ पांढरं कापड, अंगावरचा सदरा दोन मापं मोठा झालेला. तो येऊन बाकाच्या मधोमध बसला. कंपाउंडरने लगेच ताबा घेतला. गळ्याची निगा कशी राखायची, उशी किती उंच हवी, वाफ कशी घ्यायची. ड्रायव्हर मान डोलवत होता. श्वास घेताना त्याच्या गळ्यापाशी बारीक शिट्टीसारखा आवाज होई, तो स्टेनोला ऐकू आला.

कंपाउंडर पाणी प्यायला उठला तेव्हा स्टेनोने बोलून टाकलं.

"त्या दिवशी तू काय सांगितलंस, मला ऐकू आलं नव्हतं. दोन शब्द सोडले तर काहीच नाही. मी आपलं 'चालायचंच' ठोकून दिलं."

ड्रायव्हरने वळून पाहिलं. त्याच्या कानातलं यंत्र पाहिलं. मग त्याचे खांदे हलायला लागले. स्टेनो दचकला, याला धाप लागली की काय? पण तो हसत होता. आवाज नसलेलं, पोट धरून केलेलं हसणं. डोळे पुसून त्याने हाताने हवेत एक रेघ ओढली. जाऊ दे. ते बोलणं गेलं ते गेलंच.

मग त्याने स्टेनोच्या दंडाला हात लावला आणि तोंड उघडलं. ओठ हलू लागले. भराभर, पूर्वीच्याच सवयीने. कसलीशी बातमी होती. स्टेनोने मान पुढे केली.

"मांजर?" त्याने विचारलं.

ड्रायव्हरने जोरात मान हलवली आणि दोन्ही तळव्यांनी लहान लहान आकार दाखवले.

"पिल्लं झाली? कुठे? लिफ्टमध्ये?"

ड्रायव्हर आता हातवारे करत जिन्याखालची जागा दाखवू लागला. एवढ्यात कंपाउंडर तोंड पुसत परत आला आणि उभ्या उभ्याच सुरू झाला. मांजराच्या केसांनी दम्याचा त्रास होतो, गळ्याला तर फारच वाईट, आमच्या डॉक्टरांकडे एक पेशंट होता...

स्टेनोने हात वर केला.

"थांबा जरा," तो म्हणाला. "तो बोलतोय."

कंपाउंडर गप्प झाला आणि कडेला टेकला. स्टेनो बाकावर पूर्ण वळून बसला आणि ड्रायव्हरच्या ओठांकडे पाहू लागला.