पुडीतल्या कॅप्सूल

"किती गिळल्या? आकडा सांग मला."

"माहीत नाही हो, सिस्टर. पुडीत चारच उरल्यात."

शिलाई कारखान्यातली ही बाई, पाचवा महिना चालू, कडेवर अडीच वर्षांची लेक. लेकीच्या फ्रॉकवर ओकारी आणि ओकारीत लालसर दाणे. परवाच मी हिला लोह, फॉलिक अ‍ॅसिड आणि जस्त एकत्र असलेल्या पंधरा कॅप्सूल दिल्या होत्या. दोन हिनं घेतलेल्या, चार उरलेल्या. म्हणजे नऊ त्या एवढ्याशा पोटात.

"ओकून मोकळी झाली ना आता," टेम्पोवाला नवरा म्हणाला. "खेळतेय की छान. ओकारीचं औषध द्या, मला माल पोचवायचाय."

माझं डोकं सणकलं. लोह जास्त झालं की मूल आधी ओकतं, मग काही तास शहाण्यासारखं खेळतं आणि अचानक कोसळतं. हे त्याला समजावत बसायला वेळ कुठे होता?

"खेळतेय तोवरच न्यायची! मोठ्या इस्पितळात. काढ टेम्पो!"

"पण डॉक्टर येईपर्यंत..."

"डॉक्टर सावकाश जेवून येतील. हिच्याकडे तेवढा वेळ नाही."

दवाखाना उघडा टाकून मी टेम्पोत चढले. उरलेल्या चार कॅप्सूल मुठीत होत्या. इस्पितळात दाखवायला लागणार होत्या.

"घेतली की मळमळतं मला," बाई वाटेत पुटपुटली. "तोंड वाकडं केलं की ही रडायला लागते. म्हणून दोन्ही दिवशी हसत गिळली. आईचा खाऊ आहे म्हणाले."

मी मूठ उघडून पाहिली. त्या चार दिसायलाही गोळ्या-चॉकलेटसारख्याच होत्या.

दोन दिवस आणि दोन रात्री मुलगी सलाईनवर होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाणी मागितलं. ती वाचली हे कळल्यावरच नवऱ्याला कंठ फुटला.

"कसली आई तू? पोरीच्या हाताशी औषध ठेवतेस? अक्कल गहाण टाकलीस का?"

बाई व्हरांड्यातल्या बाकावर मान खाली घालून बसली होती. आमचे डॉक्टर आले होते. मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सिस्टर, घरच्यांचा निष्काळजीपणा. आपण तसंच लिहून टाकू."

तळपायाची आग मस्तकात गेली. वर्षभरापूर्वी ह्यांनीच पाकिटं बंद करून सुट्ट्या कॅप्सूलचा डबा आणला. मुलांना उघडता येणार नाहीत अशा झाकणाच्या बाटल्या मी तीनदा मागितल्या, तर म्हणाले, कागदाची पुडी काय वाईट? आणि मीही मुकाट्यानं पुड्या बांधत राहिले. तेवीस वर्षं मी प्रत्येक बाईला तेच पढवते. चहाबरोबर घेऊ नकोस, दोन तास जाऊ देत. शौचाला काळी झाली तर घाबरू नकोस. एखादी चुकली म्हणून दुसऱ्या दिवशी दोन घ्यायच्या नाहीत. आणि मुलांच्या हाती लागू देऊ नकोस. हिला पुडी दिली त्या दिवशी रांग दाराबाहेर गेली होती, माझे पाय दुखत होते आणि मी शेवटचं गाळलं.

"तिला बोलू नका," मी नवऱ्याला म्हणाले. आवाज माझा नेहमीचाच, चढा. "पुडी मी बांधली. मुलांपासून लांब ठेव हे सांगायचं मी टाळलं. मी तसंच लिहून देणार आहे."

डॉक्टरांचा चेहरा उतरला. आणि बाई उठली.

"का नाही सांगितलंत? मी विचारलं होतं तुम्हाला, आणखी काही आहे का? तुम्ही मान वर करूनही बघितलं नाहीत. म्हणालात, चला, पुढची कोण? माझी लेक गेली असती, सिस्टर! गेली असती ती!"

ती ओरडत होती. सगळा व्हरांडा आमच्याकडे बघत होता. रखवालदार तिला आवरायला पुढे आला, तेव्हा मी त्याला हातानंच थांबवलं आणि तिचं बोलून होईपर्यंत तिच्यासमोर उभी राहिले.