खोडलेलं उत्तर

सासूबाई बारावीला बसताहेत म्हटल्यावर अख्ख्या घरानं तोंडात बोटं घातली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत वीस वर्षं परीक्षानळ्या धुतल्या त्यांनी. आता तिथंच सहायकाची जागा निघाली होती. अट बारावी पासची, आणि वयोमर्यादेत बसण्याचं हे शेवटचंच वर्ष. सून गणिताची मास्तरीण. आणखी काय हवं?

पण बाईंचं अपूर्णांकांशी हाडवैर! आडवी रेघ दिसली की पेन्सिल खाली. शेवटी सुनेनं तोडगा काढला.

"आई, या घन समीकरणातले छेद बघा. दोन, अठरा, नऊ. आपण क्षच्या सहापट य घेऊ. पहिलं पद तसंच ठेवायचं, पुढच्यांना क्रमानं सहा, छत्तीस, दोनशे सोळानं गुणायचं."

गुणलं आणि काय, अपूर्णांक छूमंतर! उरले नऊ, सव्वीस, चोवीस. सासूबाई खुदकन हसल्या. "हे आधी सांगायला तुझ्या जिवावर आलं होतं का गं?"

"पण य मिळाला की सहानं भागून क्ष काढायचा हं. विसरलात तर सगळी मेहनत पाण्यात."

"विसरायला मी काय खुळी आहे?"

निकाल लागला. बाकी विषय सुटले, गणितात पस्तीसला दोन कमी. सासूबाई जेवल्या नाहीत. इकडे सुनेचा जीव खालीवर. भागायचं विसरल्या असणार, आपणच पन्नास वेळा घोकून घ्यायला हवं होतं. तिनं उत्तरपत्रिकेची झेरॉक्स मागवली.

विसरल्या नव्हत्या. नेमकं तसंच समीकरण, य बरोबर: दोन, तीन, चार. खाली सहानं भागून एक तृतीयांश, एक द्वितीयांश, दोन तृतीयांश. आणि त्यावर दोन ठसठशीत रेघा. शेवटी चौकटीत उत्तर, दोन, तीन, चार. शेजारी तपासनिसानं दोन गुण कापलेले.

"आई, हे खोडलंत कशाला?"

"अगं, परत अपूर्णांक आले ना! एवढे गुणून घालवलेले परत आले म्हणजे मीच कुठंतरी माती खाल्ली असणार. माझे अपूर्णांक कधी बरोबर आलेत?"

 सुनेनं कागद पुढं सरकवला. "मूळ समीकरणात क्षच्या जागी अर्धा घालून बघा."

सासूबाईंनी चष्मा लावला. एक अष्टमांश, वजा तीन अष्टमांश... पुटपुटत, बोटं मोजत पंधरा मिनिटं. एकीकडे वजा पाव, दुसरीकडे अधिक पाव. शून्य.

"म्हणजे मला येत होतं."

"येत होतं, आई."

"मग नापास कशी गं झाले मी?"

आणि निकालानंतर पहिल्यांदाच त्या ढसाढसा रडल्या. जागा गेली ती गेलीच. सून नुसती पाठीवरून हात फिरवत राहिली.

बऱ्याच वेळानं त्यांनी पदरानं डोळे पुसले, चष्मा पुसला आणि कागद पुन्हा जवळ ओढला.

"आता एक तृतीयांश घालते. तू मध्ये बोलू नकोस."