गुलाबी दोरीतली घुंगरं

दुपारचे बारा वाजले, तरी समीक्षा सकाळपासून खुर्चीवरून हलली नव्हती. साताऱ्याच्या त्या सभागृहात एसी गारेगार चालू होता, तरी पाठीवरून घामाच्या धारा. मांडीवर फाईल. फायलीत चाळीस फॉर्म, आणि चाळीसच्या चाळीस फॉर्मांखाली तिची स्वतःची सही. कुणी येऊन ती फाईल जाळून टाकली असती तर तिनं त्याच्या पायावर डोकं ठेवलं असतं.

उंब्रजच्या कृष्णात सुभेदारांची ही थोरली लेक. बाप बावीस वर्षं सरहद्दीवर काढून आलेला आणि लेक पालीला भिणारी, अशी घरात चेष्टा चालायची. पण शिकली भारी. सांगलीच्या एका संशोधन संस्थेत नोकरी लागली. काम कसलं, तर शिकल्यासवरल्या लोकांनी लावलेला शोध खेड्यापाड्यांत खरंच कुणाच्या उपयोगी पडतो का, ते दारोदार जाऊन विचारायचं आणि लिहून आणायचं. ‘सामाजिक परिणामांचं मूल्यमापन’ असं त्याला भारदस्त नाव. सुभेदार पारावर छाती काढून सांगायचे, "आमची पोरगी शास्त्रज्ञांची परीक्षा घेती!"

आता हा शोध होता चाटण-विटेचा. उसाची मळी, मीठ, खनिजं आणि थोडा युरिया घालून घट्ट केलेली वीट. चारा नसेल तेव्हा मेंढरांनी ती चाटायची आणि अंगात ताकद धरायची. संस्थेच्या विश्वजित सरांनी आठ वर्षं त्या विटेपायी घातली होती. संस्थेच्या गोठ्यात प्रयोग झाले, मेंढ्या टुणटुणीत झाल्या. मग गेल्या दिवाळीला माण तालुक्यातल्या ढेकळेवाडीला धनगरांच्या चाळीस घरांत विटा वाटल्या. मंडळी मेंढरं घेऊन कृष्णाकाठाला उतरली. वैशाखात परत आली, तेव्हा समीक्षा फॉर्म घेऊन वाडीवर हजर.

त्या वाडीत एक रीत आहे. परक्या माणसानं काही विचारलं की आधी हरणाबाई बोलणार. पंच्याहत्तरीची म्हातारी, कपाळावर भंडारा, आवाज असा खणखणीत की पलीकडच्या माळावर ऐकू जावा. ती बोलली की वाडी बोलली. तिच्यापुढं कुणी वेगळं बोलत नाही, बोलणं शोभत नाही. समीक्षा तिच्याच ओट्यावर बसली, चहा घेतला आणि विचारायला सुरुवात केली. नववा प्रश्न होता: ‘वीट वापरल्यापासून जनावर दगावलं का? होय किंवा नाही.’

"न्हाई बाई," हरणाबाई म्हणाली, "समदं झ्याक हाय."

मग काय! पुढं जो येईल त्यानं म्हातारीच्या तोंडाकडं बघायचं आणि म्हणायचं, "न्हाई, झ्याक हाय." दोन दिवसांचं काम एका दिवसात उरकलं. चाळीस घरं, चाळीस ‘नाही’. समीक्षा अशी खूश, की म्हातारीच्या हातची बाजरीची भाकरी दोन वाट्या आमटीत चुरून खाल्ली. मेंढरांच्या वाड्याकडं जाऊन बघावं हे काही तिच्या डोक्यात आलं नाही. फॉर्ममध्ये तसं लिहिलेलंच नव्हतं ना!

त्या चाळीस ‘नाहीं’वर अहवाल झाला. अहवालावर आज बैठक. जिल्ह्याच्या पशुसंवर्धन खात्याच्या मोठ्या मॅडम सही करणार, की उद्यापासून तीनशे वाड्यांना विटा. फलटणला ट्रक भरून उभे होते. आणि सरांनी कौतुकानं ठरवलं होतं, की हरणाबाईचा सत्कारही इथंच करायचा, शाल-नारळ देऊन. म्हातारीला आणायला काल समीक्षाच जीप घेऊन वाडीवर गेली होती. तिथंच घोटाळा झाला.

निघण्याआधी म्हातारी म्हणाली, "चल, बिरोबाच्या पाया पडू." देवळामागं एक जुनी बाभळ. बाभळीला घुंगरं बांधलेली, शेकड्यानं. काही गंजून काळी पडलेली, काही दोरीसकट झिजलेली. वारा आला की सगळी एकदम वाजायची.

"ही कसली, आज्जी?"

"गेलेल्यांची," म्हातारी एवढंच म्हणाली आणि भंडारा घ्यायला देवळात गेली.

समीक्षा हसतच पुढं झाली, फोटो काढावा म्हणून. आणि फोटो काढता काढता तिचा हात थांबला. खालच्या फांदीवरची घुंगरं नवी कोरी होती. ती गुलाबी नायलॉनच्या दोरीनं बांधलेली होती. ती दोरी तिनं चांगली ओळखली. विटांचे गठ्ठे त्याच दोरीनं बांधून आले होते. तिनं एकेकाला बोट लावून मोजलं. एकोणीस.

हरणाबाईचा नातू सिद्धू जीपमध्ये बोचकं ठेवत होता. समीक्षानं त्याला गाठलं. त्यानं बोचक्याची गाठ पुन्हा आवळली. मग मान खाली घालून म्हणाला, "पौषात अवकाळी झाला बगा ताई, कऱ्हाडच्या अलीकडं. आमी रानात बसलेलो. जाळीच्या वाड्याला छप्पर असतंय व्हय? ईट घमेल्यात ठिवलेली. रातभर पाऊस. ईट इरघळली, घमेलं भरलं. सकाळी मेंढरं तहानेली, त्येच पाणी प्याली. घटकाभरात पोटं फुगली, पाय झाडाय लागली. आनखी चार घरांच्या मेंढरांची बी हीच गत."

युरिया! चाटून थोडा थोडा पोटात गेला तर ताकद, पाण्यातून एकदम गेला तर विष. संस्थेच्या गोठ्याला पत्रे होते. तिथं कधी पाऊस पडलाच नव्हता.

ती पळत देवळात गेली. "आज्जी, मला का न्हाई सांगितलं तुमी? मी विचारलं हुतं की!"

म्हातारी शांतपणे म्हणाली, "मेलेलं तोंडानं मोजू न्हाई, लेकी. मोजलं की मागची बी जात्यात. देवाला घुंगरू बांधायचं, त्यो मोजतोय. आन् वस्तू देणारं माणूस दारात आलं, तर त्येच्या तोंडावर त्येच्या वस्तूला नावं ठिवायची व्हय? आमच्यात न्हाई तसलं."

आता खरं सांगायचं तर इथं समीक्षानं काय करायला हवं होतं हे शेंबडं पोरही सांगेल. सरांना फोन लावायचा, ट्रक थांबवायचे. पण भीती माणसाला काय करायला लावते! तिला सर दिसले, गेलेली नोकरी दिसली, पारावर मान खाली घालून बसलेले सुभेदार दिसले. ती म्हातारीचे पाय धरून रडली. "आज्जी, उद्या तिथं कुणाला सांगू नगा. माझं समदं जाईल."

हरणाबाईनं तिला उठवून बसवलं. मग चिमूटभर भंडारा हातात घेऊन म्हणाली, "बिरोबाची आण. जवर तू सांगत न्हाईस, तवर माज्या तोंडातनं निघायचं न्हाई. तुज्या पोटावर मी पाय देईन व्हय?"

रात्री समीक्षाचा डोळ्याला डोळा लागला नाही. आणि आता ती इथं, तिसऱ्या रांगेत, गोठून बसली होती. खिडकीतून अजिंक्यतारा दिसत होता आणि त्याच्या मागून आभाळ भरून येत होतं. मिरगाचा पाऊस चार दिवसांवर आला होता. तीनशे वाड्या. तीनशे वाड्यांतली उघडी घमेली. एकदा चांगली सर आली की झालं.

विश्वजित सर बोलत होते. आवाज भरून आलेला. "चाळीस कुटुंबं, आणि एकाही जनावराला इजा नाही! आमच्या समीक्षानं घरोघरी बसून ही माहिती गोळा केली आहे." टाळ्या पडल्या. समीक्षाला त्या टाळ्या कानाखाली बसल्यासारख्या लागल्या.

मोठ्या मॅडम हौशी होत्या. त्यांनी हरणाबाईला स्वतः शाल घातली, नारळ दिला आणि माईक तोंडापुढं धरला. "आजी, तुम्हीच सांगा, वीट कशी आहे?"

म्हातारीनं सभागृहावरून नजर फिरवली आणि ती समीक्षावर येऊन थांबली. बोल आज्जी, असं समीक्षाचं अर्धं मन म्हणत होतं, आणि अर्धं म्हणत होतं, नगं बोलू.

"लय चांगली हाय," हरणाबाई म्हणाली. शब्दाला जागली.

पुन्हा टाळ्या. मॅडम हसल्या आणि सहीसाठी पेन उघडलं. उघडता उघडता त्यांना आणखी एक हौस सुचली. टेबलावर नव्या विटांचा नमुना मांडला होता, त्यातली एक वीट उचलून त्यांनी म्हातारीच्या हातात दिली. "या नव्या विटांतली पहिली तुम्हालाच!" वीट गुलाबी दोरीनं बांधलेली होती.

म्हातारीनं ती दोन्ही हातांनी घेतली. दिलेलं नाकारायचं नाही, ही रीत. कपाळाला लावली आणि छातीशी धरली. तेवढ्यात समीक्षाला दिसलं, की तिचे हात थरथर कापत होते. शेकडो मेंढरं आपल्या हातांनी वाढवलेली ती बाई, पण आज एका विटेला भीत होती. आणि भीत असूनही ती वीट घरी नेणार होती, समीक्षापायी.

"मॅडम, सही करू नका!"

आपणच ओरडलो हे समीक्षाला क्षणभर कळलंच नाही. ती उभी राहिली होती. समोरच्या खुर्चीची पाठ तिनं घट्ट धरली. "वीट पावसात विरघळते. त्या पाण्यानं... त्या पाण्यानं वाडीवर मेंढरं मेली. एकोणीस. मी मोजलीत."

विश्वजित सरांचा चेहरा पांढराफटक पडला. ते वाईट माणूस नव्हते. आठ वर्षं डोळ्यांसमोर वाहून जाताना माणूस जसा दिसेल तसे दिसत होते. त्यांनी खाली येऊन तिच्या मांडीवरून पडलेली फाईल उचलली आणि एक फॉर्म उघडून तिच्यासमोर धरला.

"प्रश्न नऊ. नाही. चाळीसच्या चाळीस नाही! ही सही कुणाची आहे, समीक्षा?"

"माझी," ती म्हणाली. "मी ओट्यावर बसून लिहिलं, सर. मी मेंढरं बघितलीच नाहीत. आणि काल कळलं, तरी मी गप्प बसले. आजींना पण मीच गप्प बसवलं."

"म्हणजे आज खरं आणि तेव्हा खोटं? कशावरून?"

तिच्याकडं फक्त मोबाईलमधला एक फोटो होता, झाडाला बांधलेल्या घुंगरांचा. त्यानं कुणाची खात्री पटणार? सगळे तिच्याकडं बघत होते. मॅडमचं पेन अजून उघडंच होतं. त्या हरणाबाईकडं वळल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "आजी, ही मुलगी म्हणते ते खरं आहे का? एकोणीस?"

हरणाबाईनं वीट टेबलावर ठेवली. मग शाल काढून घडी घातली आणि विटेशेजारी ठेवली, नारळही ठेवला. मेलेलं आयुष्यात कधी तोंडानं न मोजलेली ती म्हातारी. तिनं आधी वर बघून हात जोडले, देवाची माफी मागितली. डोळ्यांतून पाणी गळत होतं, पण आवाज तोच, माळावर ऐकू जाणारा.

"एकोणीस न्हाईत," ती म्हणाली, "तेवीस हुती. चार पोटातली हुती. पोटातल्यास्नी आमी घुंगरू बांधत न्हाई."

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं. आणि समीक्षा मटकन खाली बसून पोरासारखी रडायला लागली.